बारा जीबीचं कार्ड

लातूर,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा,

तुमच्या पायावर डोकं ठेवून लिहिते. आईचा गुडघा आता कसा आहे? हरभरा पेरून झाला का? मी बरी आहे, जेवण वेळेवर करते. फोनवर सांगायला गेले की जीभ अडकते, म्हणून हे पत्र.

परवा मी कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड घेतलं. पडद्यावर चित्र उमटवायचं जड काम ते करतं. दुकान सिद्रामप्पांचं, मूळचे उदगीरचे. मी तीन दिवस मोबाइलवर किमती बघून गेले होते. एका कंपनीचं स्वस्त, गेमला लई भारी. दुसरीचं नवंकोरं, पण मेमरी आठच जीबी. मी नुसतीच नावं वाचत उभी होते. तेव्हा ते म्हणाले, "डब्यावरचं नाव राहू दे. तू काम काय करतेस, ते आधी सांग."

अण्णा, हे कुणी विचारलं की मी 'नीटची तयारी' म्हणते. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "मी घरांची चित्रं बनवते. बांधायच्या आधी घर कसं दिसंल, ते दाखवते."

त्यांनी माझं सॉफ्टवेअर विचारलं, घरांच्या चित्रांना मेमरी जास्त लागते म्हणाले आणि जुन्या मॉडेलचं, पण बारा जीबीचं कार्ड काढून दिलं. बजेटात बसलं.

जूनपासून मी क्लासला जात नाही. दोनदा जीव तोडून अभ्यास केला, नाही जमलं. लेक डॉक्टर होणार, असं तुम्ही गावभर सांगून ठेवलंय, म्हणून भ्याले. फीचे पैसे बँकेत तसेच आहेत. कार्ड माझ्या कमाईचं. शिवम इंजिनिअरच्या ऑफिसात मी पाच महिन्यांपासून काम करून राहिले.

काल तिथं धर्माबादच्या तुळजाबाई आल्या. त्यांचा लेक नवं घर बांधतोय. नवं कार्ड बसवलेला माझा कॉम्प्युटर तिथंच असतो, त्यावर मी त्यांचं स्वयंपाकघर दाखवलं. त्या म्हणाल्या, खिडकी गोठ्याच्या बाजूला पाहिजे. पूर्वी एवढ्या बदलाला अर्धा दिवस जायचा. काल त्यांचा चहा संपायच्या आत खिडकी हलली, ओट्यावर ऊन आलं. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं चुलीपुढं बसले पोरी. खिडकी कुठं पाहिजे, हे कुणी इचारलंच न्हाई."

तेव्हा वाटलं, आता तुम्हाला सांगता येईल.

येत्या रविवारी घरी लोह्याला येते. चित्रं छापून आणते. रागवायचं तर समोर बसवून रागवा, पण आधी ती एकदा बघा.

खोटं बोलले, त्याची माफी मागते. कामाची मागत नाही.

तुमचीच लेक,
अक्षरा