रिकामा पलंग

३ जून, सकाळ
विमा कंपनीच्या तपास खात्यात उमेदवारी करून कंटाळले होते. आज पहिली केस मिळाली! एका नर्सिंग होमवर संशय आहे. धडधाकट माणसं भरती करून घेतात, नाहीतर नसलेलेच पेशंट दाखवतात म्हणे. साहेब म्हणाले, अचानक जाऊन पलंग बघायचे. पलंग रिकामा दिसला की समजायचं, पेशंट फक्त कागदावर. नीट जमलं तर नोकरी पक्की.
जमणारच. माझी नजर घारीची आहे. आत्या म्हणते, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी घार.

३ जून, संध्याकाळ
योजना तयार. पलंग काय, कोणीही बघेल. मी पेशंट होऊन आत शिरणार. साहेबांना सांगायचं नाही, एकदम निकालच द्यायचा.
अडचण एकच. मला अक्षरओळखीच्या आधी आत्याने खरं बोलायला शिकवलं. अजून खोटं बोलले की कान लाल होतात. उपाय: पोट खरोखर दुखवून घ्यायचं.

४ जून, सकाळ
उकडलेली अंडी खाल्ली. पोट फुटेस्तोवर. दुखलं. आत्या म्हणाली, चोर पकडल्याशिवाय घरी येऊ नकोस.

४ जून, दुपार
खोटं नाव सांगवेना. स्वतःचंच सांगितलं, विमा कार्डही आमच्याच कंपनीचं दिलं. मन स्वच्छ.
डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. अपचन आहे, घरी जा म्हणाले. अत्यंत संशयास्पद! एवढा साळसूदपणा कोण करतं? मी हटून बसले. शेवटी कपाळाला हात लावून म्हणाले, बरं बाई, एक दिवस राहा.

४ जून, संध्याकाळ
पोट दुखायचं थांबलं. सिस्टरने विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, खूप दुखत होतं. शब्द न् शब्द खरा. तरी तिने कान बघून ताप मोजला.

५ जून, सकाळ
सलाइनचा स्टँड ढकलत सगळे वॉर्ड पाहिले. प्रत्येक पलंगावर पेशंट. एक आजोबा फारच निपचित होते, म्हणून चिमटा काढून पाहिला. खरे निघाले. शिव्याही खऱ्या.

५ जून, दुपार
परत आले तर माझ्या पलंगाशी साहेब! मदतीला आले, वाटलं. ते माझ्या रिकाम्या पलंगाचा फोटो काढत होते. या नर्सिंग होमचा कुठलाही क्लेम आला की तपासायचा, असा नियम आहे. माझा आला होता. डॉक्टर हात जोडून सांगत होते, साहेब, आमच्याकडे धडधाकट असून भरती झालेली ही एकच.

६ जून
नर्सिंग होम निर्दोष. माझी उमेदवारी वाढली. केस माझ्याकडे, म्हणून अहवालही मीच लिहायचा. क्लेम नामंजूर करावा, असं लिहिलं. दुसरं लिहवेना.
घरी आत्याने विचारलं, सापडला का चोर? हो म्हटलं. तिने कान बघितले. अजिबात लाल नव्हते.