बिशपबाईंचं मौन

६ जुलै, शनिवार
म्हातारे बिशप आज शेवटी म्हणाले की गुडघे गेले, आता ही खुर्ची तुम्ही घ्या. अपेक्षितच होतं. आमच्यात दुसरं आहे कोण? मोठ्या चर्चपासून वेगळं होऊन आम्हाला बावीस वर्षं झाली. एकूण नऊ घरं, सव्वीस माणसं, त्यांतली दोन तान्ही. रविवारची मिस्सा सायकलच्या दुकानामागच्या हॉलमध्ये. मी नऊशे मुलींची शाळा चालवलेली बाई. हे तर एका वर्गाचंही काम नाही.

धाकटी म्हणाली की बाकीच्या आठही घरांनी नको म्हटलं, म्हणून आपल्या दारात आलं. (धाकटी म्हणजे माझी बहीण. वय अठ्ठावन्न, पण धाकटीच.) तिचा स्वभाव पहिल्यापासून असाच.

संकल्प: नम्रता. सोमवारपासून.

७ जुलै, रविवार
आमच्याकडे एक रीत आहे. नवा बिशप दीक्षेआधी नऊ दिवस मौन पाळतो. रोज चार वाजता एकेका घरातून एक जण येतो आणि तासभर मनातलं बोलतो. बिशपने नुसतं ऐकायचं. दहाव्या दिवशी सभा. तिथे प्रत्येक जण उभं राहून विचारतो, मी काय सांगितलं होतं? बिशपने एका वाक्यात सांगायचं. नऊच्या नऊ घरं हो म्हणाली, तरच दीक्षा. माझी एकवीस तारखेला आहे. फुलं आणि केक सांगून झाले.

मला मौनाची सवय आहे. बोर्डिंगमध्ये सिस्टर जेवताना बोलू देत नसत. मी फक्त मीठ मागायला बोलायचे. रोज लागायचं.

सभेसाठी उजळणीला बरं, म्हणून सगळं या वहीत टिपून ठेवणार.

८ जुलै, सोमवार. मौन, दिवस पहिला
सुतार आले. तासभर बोलले. बोलताना ‘म्हणजे काय की’ सत्तावीस वेळा. मोजलं. मुलाबद्दल होतं काहीतरी. मी मनात उत्तर तयार केलं ते असं: मुलांना वळण लावायचं वय सात ते अकरा. पुढे उपयोग नाही. तीन मुद्दे, दोन उदाहरणं. फार चांगलं उत्तर होतं. मौनामुळे वाया गेलं.

धाकटीने दिवसभर रेडिओ मोठ्याने लावला. मला ओरडता येत नाही हे तिला ठाऊक आहे.

९ जुलै, मंगळवार. दिवस दुसरा
दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्यापुढे तोंड मिटून बसलेली मी पहिलीच असेन. हा विनोद मला साडेचारला सुचला आणि पाचपर्यंत सांगता आला नाही. फार त्रास झाला. त्या कशावरून तरी रडल्या. मी मान हलवली. उभी, मग आडवी, मग परत उभी. जे लागू पडेल ते.

१० जुलै, बुधवार. दिवस तिसरा
ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंसाठी शाळेतली जुनी पाटी काढली. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. म्हाताऱ्या बिशपनी लिहायला मनाई केलेली नाही. (विचारलं नाही. मौन आहे.) बाईंचं दुसरं वाक्य संपायच्या आत पाटी भरली. पुसून परत भरली. असं अकरा वेळा. मग त्या म्हणाल्या की माझं राहू दे, तुमचं पूर्ण करा.

किती समजूतदार बाई.

११ जुलै, गुरुवार. दिवस चौथा
हे नीट लिहायला हवं.

टेलर आले. विधुर, साठीचे, हात अतिशय स्वच्छ. माझा दीक्षेचा झगा तेच शिवताहेत. मापाला तीनदा येऊन गेले. एका झग्याला तीनदा? माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आज टेप बोटाला गुंडाळत, खाली बघत म्हणाले की बायको गेल्यापासून संध्याकाळ खायला उठते. या घरात पाऊल ठेवलं की बरं वाटतं. या वयात असं बोलायचं म्हणजे लोक हसतील, पण तुमच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. त्यापुढचं मी ऐकलं नाही, कारण मला सगळं समजलं होतं.

खुर्ची दीड फूट मागे घेतली. पाटीवर लिहिलं: देवाची इच्छा. त्यांनी दोनदा वाचलं. डोळे भरून आले. हात जोडले. जाताना स्वयंपाकघरात धाकटीपाशी वीस मिनिटं उभे होते. दुखावलेलं माणूस कुणाशी तरी बोलणारच. मला हसण्याचा आवाज आला, पण माणूस दुःखातही हसतो.

मी काही दगड नाही. पण चर्च आधी.

१२ जुलै, शुक्रवार. दिवस पाचवा
बसचे ड्रायव्हर. विषय सोडून फार फिरतात. शाळेची पितळी घंटा जवळ ठेवली होती. दोनदा वाजवली. घंटा वाजवणंही बोलणं नव्हे. तिसऱ्यांदा वाजवल्यावर ते उठून गेले. सवयीने गेले असावेत.

१३ जुलै, शनिवार. दिवस सहावा
कुणीतरी येऊन गेलं.

१४ जुलै, रविवार. दिवस सातवा
मिस्सेनंतर टेलर हॉलच्या दाराशी थांबले होते. मी दुसऱ्या दाराने गेले. मागे वळून पाहिलं तर अजून तिथेच, धाकटीची छत्री हातात धरून. माझ्या घरातली छत्री धरूनही त्यांना समाधान वाटतं. वाईट वाटलं.

चारला भूगोलाच्या निवृत्त बाई आल्या. त्यांनी ‘उद्घाटन’चा उच्चार चुकवला. एकच शब्द बोलून दुरुस्त केला. एका शब्दाने मौन मोडत नाही.

१५ जुलै, सोमवार. दिवस आठवा
आज आमच्याच घराची पाळी. धाकटी रीतसर पुढच्या दाराने आली. चार वाजता, बेल वाजवून, निळे कपडे घालून. समोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली की बिशपबाई, आता एक तास तुम्ही माझ्या.

मग खूप बोलली. मध्ये थोडी रडली, मध्ये लाजली. लाजली कशाला कोण जाणे. ती सहा वर्षांची असताना आई गेली आणि आम्हा दोघींना बोर्डिंगमध्ये ठेवलं. चॅपलला जाताना रांगेत ती माझ्या स्कर्टचं टोक मुठीत धरायची. रोज इस्त्री मोडायची. सिस्टर मला रागवायच्या, मी तिला रागवायचे, ती टोक सोडायची नाही. तेव्हापासून माझ्या मागे आहे. पुढेही राहील. तिचं बोलणं चालू असताना मी हाच विचार करत होते, म्हणजे एका अर्थी तिच्याकडेच लक्ष होतं.

शेवटी तिने माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं की चालेल ना तुला, ताई? मी पाटीवर लिहिलं: दूध उतू जातंय. खरंच जात होतं.

१६ जुलै, मंगळवार. दिवस नववा
शेवटची पाळी म्हाताऱ्या बिशपची. पाच मिनिटं बोलले, उरलेला वेळ डोळे मिटून गप्प. मी इतकं कडक मौन पाळलं हे पाहून गहिवरले असावेत.

नऊ दिवस झाले. माझ्याइतकं कुणी ऐकलं नसेल.

१७ जुलै, बुधवार, सकाळी ७
उजळणीला वही उघडली. सुतारांना मी काय सांगणार होते ते आहे. डॉक्टरीणबाईंचा विनोद आहे. बाकी सापडत नाही. बहुधा संक्षेपात लिहिलं असावं.

हरकत नाही. चाळीस वर्षं मुलींचे चेहरे वाचले आहेत. चेहऱ्यावरून सांगेन.

१७ जुलै, संध्याकाळ
सुतारांना म्हटलं, तुमचा मुलगा ऐकत नाही. ते म्हणाले की मुलगा सगळं ऐकतो, त्याला ऐकू येणं कमी झालंय असं सांगत होतो. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, दुःख. त्या म्हणाल्या की कसलं? मला आठवलं नाही. ड्रायव्हरनी प्रश्नच विचारला नाही. माझ्या घंटेची नक्कल केली. हॉल हसला. शनिवारचं घर कुठलं, हे मी सभेलाच विचारलं.

मग टेलर उठले. एक तरी उत्तर मला पक्कं येत होतं. म्हटलं, तुमच्या भावना पोचल्या, मान आहे, पण मी आता चर्चची झाले, तुम्ही दुसरीकडे बघा.

टेलर टेपसारखे गुंडाळले गेले. म्हणाले की बाई, मी दुसरीकडेच बघतोय. दीड वर्ष झालं. ते विचारायलाच आलो होतो. तुम्ही देवाची इच्छा म्हणालात, म्हणून पुढचं ठरवलं.

मी धाकटीकडे पाहिलं. ती उठली, पण तिने प्रश्न विचारला नाही. म्हणाली की ताई, मी तासभर हेच सांगत होते गं.

म्हाताऱ्या बिशपनी हात वर करायला सांगितले. हो: शून्य. धाकटीचाही नाही. ठरलं ते असं: उद्यापासून परत नऊ दिवस, परत नऊ घरं. पाटी आणि घंटा ते स्वतः घेऊन गेले.

१८ जुलै, गुरुवार. मौन, दिवस पहिला
पहिली पाळी धाकटीने मागून घेतली. तिने सांगितलं ते असं.

ते दोघं टेलरच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहणार. इथून चार गल्ल्या. ते सकाळी चहा करणार, तिला उठवणार नाहीत. ती मला सोडून जात नाहीये, नुसती जातेय, आणि हे दोन वेगळे शब्द आहेत. एकवीस तारखेचा हॉल, फुलं, केक सगळं सांगितलेलंच होतं. वाया कशाला घालवायचं, म्हणून रविवारी लग्न. म्हातारे बिशप लावणार. मी पहिल्या रांगेत बसायचं आहे. केकवर माझं नाव होतं, ते खरवडून घेतलं.

एवढं सांगून ती थांबली. माझ्याकडे बघत बसली, पाच वाजेपर्यंत.

मौन पाळलं. बोलायला काही सुचलं नाही.