मानसचा निळा स्वेटर

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा दिल्लीला, लक्ष्मीबाई नगरात. त्याआधी चार दिवस मानेसरला रेवतीताईकडे होतो. तिथल्या कारखान्यात मला चिकटवायचा भाऊजींचा बेत होता, मी सटकलो. इथे दूरच्या नात्यातले वृंदाकाकू आणि भालचंद्रकाका. काका मिनिस्ट्रीत. मला मागची खोली, सकाळी पोहे, आणि काम मजेचं: मोबाइलवरच्या फोटोंना जुन्या फिल्मचे रंग चढवायचे. काकूंना जुने-नवे सगळे एकाच अल्बमात लावायचेत. नमुन्याला एक प्रिंट दिला. त्यांचा मानस, नऊ वर्षांचा, पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाच्या खांबासमोर. त्यानंतर महिन्याभरात तापाने गेला. प्रिंट इतका लालावलाय की स्वेटर विटकरी दिसतो. काकू म्हणाल्या, निळा होता. जुन्या प्रिंटातून निळसर रंग आधी उडतो, कुठेतरी वाचलेलं.
ही वही आणि निळा पेन ताईने दिला. म्हणाली, निदान एवढं तरी पुरं कर.

५ नोव्हेंबर
प्रीसेट जमला. सावल्यांत थोडा लाल, निळा बराच खाली, वरून फिल्मसारखे दाणे. एकदा बसवला की एका क्लिकवर कुठल्याही फोटोला चढतो. आधी माझ्या फोटोवर करून पाहिला, मग ताईच्या. निळी ओढणी घेऊन गच्चीत उभी आहे तो. यार, दोघं एकदम वीस वर्षं मागे! काकू बिल्कुल खूश, ताईचे आणखी आहेत का विचारत होत्या. करणार होतो, पण बाजारातून इथली लालभडक गाजरं आली, ती किसत बसलो.

९ नोव्हेंबर
पेन संपत आला वाटतं, फिकट उमटतोय. धुरकं एवढं की आभाळ आठवडाभर मातीच्या रंगाचं. दिल्लीत नोव्हेंबरात निळं शोधतो कोण.

१२ नोव्हेंबर
नवी रिफिल घातली. तीही फिकट.
ताईचा फोन आला. गॅसची ज्योत दिसली नाही, हात भाजला. ओढणीचा रंग उडाला म्हणते. भाऊजींना मात्र ती निळीच दिसते.
मीही इथला गॅस लावून पाहिला. नुसता आवाज.

१३ नोव्हेंबर
प्रिंटमधला स्वेटर निळा झालाय. मी हात लावला नव्हता. अख्ख्या खोलीत निळं तेवढंच.
काकूंना सांगितलं. वाटलं, घाबरतील. त्यांनी पदराने प्रिंट पुसला.
"स्वेटर आला रे, सुधन्वा. आता चेहरा तेवढा यायचा राहिलाय. रेवतीचा अजून एक कर ना."
काका पेपरमधून वर बघेनात.

१४ नोव्हेंबर
प्रीसेट पुसला. काकूंच्या फोनमध्ये कॉपी आहे — एका क्लिकचं काम, मीच शिकवलं होतं. ताईच्या त्या फोटोवर पुन्हा चढवला त्यांनी.
ताईला आता हिरवंही दिसत नाही. आरशात चेहरा सापडत नाही म्हणते. रडत होती —
प्रिंटमधल्या मानसचे गाल भरलेत.

१५ नोव्हेंबर
काकूंना म्हटलं, ताईला सोडा, माझे घ्या, हवे तेवढे. अच्छा, म्हणाल्या. ताईचा फोटो माझ्यासमोर पुसला. खुर्ची खिडकीशी घ्यायला सांगितली.
पान कोरंच दिसतंय. पेनाने पडलेले चरे बोटाने चाचपून लिहितोय — ओळीवर ओळ जात असेल —
काकू म्हणतात वही ठेव, मान वर कर, मानस असाच बघायचा —
ताई, ओढणी परत निळी झाली का गं, एवढं मला कुणीतरी —