ओट्यावरचा व्हाइस

बाबा,

राऊ गावच्या गिऱ्हाइकानं आज दार परत पाठवलं. फटीमागचा लाल दिवा त्याच्या लहानपणी होता तसा लाल नाही म्हणे. आता त्याच्या लहानपणीचा लाल मी कुठून आणू? हल्ली लोक हौसेनं घरीच व्हिडिओ गेमची कपाटाएवढी पेटी बनवतात आणि तिला जुन्या पार्लरसारखं नाणं टाकायचं दार हवं असतं. अस्सल दार परदेशातून मागवायचं तर डोळे पांढरे होतात, म्हणून माझ्याकडे येतात. मी पातळ पत्र्याचं, स्वस्तातलं, हुबेहूब दिसणारं दार करून देते. त्यात नाणं जातच नाही, नुसती फट असते. तुम्ही बघितलं असतं तर "हा काय खेळ लावलाय?" म्हणाला असता आणि मी वैतागले असते. तशी आजही वैतागलेलीच आहे, आणि निम्मा वैताग तुमच्यावरचा आहे.

कारण हे काम तुमचंच. मिलला टाळं लागलं आणि शहरात गल्लोगल्ली गेम पार्लरं निघाली, तेव्हा सियागंज बाजारातला हार्डवेअरवाला नमुन्याचं एक दार घेऊन आपल्याकडे आला. तुम्ही मिलचे फिटर, नक्कल करायला कितीसा वेळ लागणार? पण दार केलंत ते मिलच्या बॉयलरला लावावं इतकं जाड. स्वस्त प्लायच्या पेटीला लावलं की वजनानं बिजागरीचे स्क्रूच उपटून यायचे. तो हात जोडायचा, "भिया, पतरा पतला कर दो यार, ये तिजोरी थोड़ी है." तुम्ही आम्हाला म्हणायचात, "प्लाय बदल म्हणावं त्याला." शेवटी आई चिडली तेव्हा कुठे पत्रा पातळ झाला आणि दारं खपायला लागली.

पत्रा आवळून धरायचा व्हाइस मात्र आईच्या ओट्यावरच. अजून दिसतंय मला. एका टोकाला गॅस, दुसऱ्या टोकाला तुम्ही कानस घासताय, आई परात पदराआड धरून कणीक मळतेय, तरी पोळीत लोखंडाचा कीस येतोच. "हे बाहेर कधी हलवणार?" ती विचारते. "अगं, सध्यापुरतं आहे. मिल चालू झाली की मला ड्यूटीवर जायचंय ना." तिकडे मिलचे माग भंगारात निघाले, तरी तुमचं सध्यापुरतं काही संपेना. घरावर पाटी नाही, हाताखाली माणूस नाही.

आणि मग ती वर्कशॉपची शेड. हार्डवेअरवाला स्वतः चालून आला होता. "पालदा में शेड मिल री है भिया, अपन आधे-आधे में कर लेते हैं." आई आतल्या दारात उभी, चेहऱ्यावर केवढी आशा. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि म्हणालात, "नहीं जी, मिल का बुलावा आ गया तो बीच में छोड़ के कैसे जाऊंगा?" त्यानं दुसऱ्याला धरलं. आई आणि मी, दोघी तुमच्याशी भांडलो. तुम्ही मान खाली घालून कानस घासत राहिलात. आईचं निम्मं आयुष्य त्या ओट्यावर, लोखंडाच्या वासात गेलं. याचा राग माझ्या मनातून जात नाही, बाबा.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकते. त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात आणि मला आतून हायसं वाटलं. शेड घेतली असती तर मिल संपली हे आपल्या घरानं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि मला सकाळी डबा घेऊन निघणारे बाबा परत हवे होते. आई अजून समजते, मी तेव्हा तिच्या बाजूची होते.