नानांना भूक नाही

बुधवार, १९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही तिघं बरी असाल. दाजींच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. इकडे थंडी कमी झाली आहे. मागच्या खोलीतली गळती बंद करून घेतली, औषधांच्या बरण्या पुन्हा फळीवर लावल्या. हिची शाळेतली नोकरी चालू आहे. दवाखाना मी रोज उघडतो. चूर्णं कुटतो, गाळतो, पुड्या बांधतो, पण घेणारे कमी झालेत. समोरचे शिंपीकाका काल पायरीवर बसून म्हणाले, "दुकान तेवढं धडधाकट दिसतंय रे. गिऱ्हाईकच लंघनावर गेलंय." मी हसलो. ते तरी अजून येतात.

नाना दवाखान्यात येऊन बसतात. कोणी आलं तर नाडी बघतात, जीभ बघतात, भूक कशी आहे विचारतात. आपल्याकडे ताट वाढण्याआधी हाच प्रश्न असायचा. भूक लागली का? आधीचं पचलं का? अंग हलकं वाटतंय का? तू एकदा वैतागून म्हणाली होतीस, "नाना, मी जेवायला आलेय, तपासून घ्यायला नाही." आई इतकी हसली होती की तिला ठसका लागला.

मी उगाच लांबण लावतो आहे. नाना जेवत नाहीत.

हट्ट नाही, रुसवा नाही. वेळ झाली की ताटावर येऊन बसतात. आम्ही विचारतो, आणि ते खरं उत्तर देतात: "अजून नाही." आलं-मीठ जिभेला लावून बघतात, कोमट पाण्याचे दोन घोट घेतात, थोडी वाट बघतात आणि उठतात. भुकेशिवाय घास घ्यायचा नाही, हा नियम त्यांनीच आपल्याला लावला. आता त्यांच्यावर तो मोडायची जबरदस्ती कशी करायची? परवा ही रडकुंडीला येऊन म्हणाली, "नाना, माझ्यासाठी दोन घास तरी." तर म्हणाले, "सूनबाई, तुझ्यासाठी खाल्लं तर पचवायचं कोणी?" सदरा खांद्यावरून घसरतो. ते जिना चढतात तेव्हा मी काहीतरी काम काढून मागे मागे जातो.

फोनवर नानांचा विषय निघाला की तू ठेवून देतेस, म्हणून लिहितो आहे. शेवटी हॉस्पिटलमध्ये नेल्यावर आईच्या पोटातली गाठ आपल्याला कळली. ती गेली त्या दिवशी तू दवाखान्याच्या दारात, पेशंटांसमोर नानांना म्हणालीस, "तिच्या पोटात गाठ होती आणि तुम्ही तिला पेजेवर ठेवलंत. मंदाग्नी मंदाग्नी करत उपाशी मारलंत." मी मध्ये पडलो नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या डॉक्टरबाई नानांना भेटायला आल्या. मी आतल्या बाजूला सुंठ चाळत होतो. त्या म्हणाल्या, "वैद्यबुवा, तुम्ही त्यांना तपासायला घेऊन आलात तेव्हाच मी हात टेकले होते. गाठ तुमच्या बोटांना लागली तोवर ती सगळीकडे पसरली होती. कापून उपयोग नव्हता. पेज चालू ठेवलीत ते बरं केलंत. दुसरं काही त्यांच्या पोटात टिकलंच नसतं."

आई जायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, ताई.

त्या गेल्यावर मी नानांपुढे जाऊन उभा राहिलो. आधी म्हणाले, "चूर्ण उघडं टाकू नकोस, ओल धरतं." मग सांगितलं. तपासायला ते आणि आई दोघंच गेली होती. परत येताना बसमध्ये आईने त्यांना बजावलं, मुलांना यातलं काही कळता कामा नये. "मला भेटायला येऊ देत. बघायला यायला नकोत." म्हणून आपल्याला मंदाग्नी सांगितला, नुसतं पचन मंदावलंय म्हणून. आपण गेलो की आई तोंड वाकडं करून "तुमच्या वैद्यांची पेज!" म्हणायची आणि आपण हसायचो.

मी म्हटलं, "मग ताई एवढं बोलली तेव्हा का नाही सांगितलंत?"

त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहितो. "ती दारात आली तेव्हा तिचा चेहरा बघितलास का? नुसती माती. मग तिला माझा राग आला आणि तोंडावर रंग आला, आवाज फुटला. राग काय, शोक काय, ग्रंथात दोन्ही पचनाला वाईटच सांगितलेत. पण रागावलेलं माणूस जेवतं, कामाला जातं. शोकाने आतला अग्नीच विझतो. माझा विझलाय, मला कळतंय. तिच्या पोरीला अजून आई लागते. तिचा राग तिच्याकडे राहू दे. तू काढून घेऊ नकोस."

पेशंटला औषध कसं घ्यायचं ते सांगतात ना, त्याच आवाजात.

"आणि तुमचं काय?" मी विचारलं.

"मी माझी नाडी बघितली आहे."

डॉक्टरबाईंना मी पुन्हा बोलावून आणलं. त्या सलाईन लावू म्हणाल्या. नाना म्हणाले, "बाई, हाताला भूक लागलेली मी अजून पाहिली नाही." त्या हसल्या, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "महिना काढणंही कठीण आहे. बहिणीला कळवा."

नानांनी सांगितलेल्या औषधात मी आजवर स्वतःच्या मनाने कधी काही बदललं नाही. आज बदलतो आहे. तू ये. माफी मागू नकोस, ती त्यांना सोसणार नाही. भांडलीस तरी चालेल. तू समोर बसलीस तर त्यांना भूक लागेल असं मला वाटतं. कदाचित लागणारही नाही. मला वैद्यकी येत नाही.

तुझा राग मी काढून घेतला आहे. त्याच्या जागी द्यायला माझ्याकडे काही नाही.

उत्तर लिहीत बसू नकोस.

तुझा,
धाकटा