हयातीचा दाखला न्यायला ये

मी, खाली सही करणारी, सरकारी दवाखान्यातली निवृत्त दात बनवणारी, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं आहे. थोरल्या भावाचं मत वेगळं असेल. पण मी या परक्या किनाऱ्यावर राहायला आले तेव्हापासून ते वेगळंच आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. इथली खोली भाड्याची, त्यामुळे ती कोणालाच देता येत नाही. देता आली असती तर निदान तिची सकाळ कोणाला तरी दिली असती. ऊन पाण्यावरून हलत हलत छतावर येतं, आणि अंथरुणात पडल्या पडल्या वाटतं, आपण तळाशी आहोत आणि वरून कोणीतरी सावकाश होडी नेतंय. दवाखान्यात माझ्या टेबलासमोर कॅलेंडर होतं, त्यावर असाच किनारा होता. वर्ष संपलं तरी मी ते उतरवलं नाही. उभी नोकरी त्या चित्राकडे बघत मेणात दात बसवले. तिकडे ज्या पेन्शनीत महिनाअखेर ओढाताण झाली असती, तिच्यात इथे खोली मिळाली आणि वर समुद्र. खोलीची अनामत रक्कम घरमालकिणीने भिंतींच्या रंगाला वापरावी. निळाच द्यावा.

कलम २. आईवडिलांच्या घरातला माझा हिस्सा धाकट्या बहिणीला. ती तिथेच राहते. दरवर्षी माझी गादी उन्हात टाकते आणि फोनवर विचारते, "ताई, कधी येतेस गं?" मी म्हणते, "पुढच्या वर्षी नक्की." पेन्शनचं खातं दोघींच्या नावावर आहे, तेही तिचंच. इथल्या खात्यात मी भाड्याभाजीपुरतंच ठेवते, म्हणजे माझ्यामागे तिला दोन देशांतल्या बँकांचे उंबरठे झिजवायला नकोत.

कलम ३. थोरला भाऊ, ज्याला घरात आम्ही अर्थमंत्री म्हणतो, मी निघताना म्हणाला होता, "सगळा पैसा घेऊन परक्या मुलखात चाललीस. मेलीस तर कळवणार कोण?" त्याला इथल्या नाण्यांची भरलेली बरणी. नोटा कुठेही बदलून मिळतात, परकी नाणी कोणी हातात धरत नाही. इथे येऊन खर्च केली तरच ती चालतील. अर्थमंत्र्यांनी काय ते ठरवावं.

कलम ४. मेणाच्या सुऱ्या, प्लास्टर कालवायचं रबरी वाडगं आणि घासायचं छोटं यंत्र बंदरावरच्या दातांच्या दवाखान्याला. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने मी केलेली कवळी रात्री पाण्यात ठेवावी. तोंडी सांगून दमले, आता कायद्याने सांगते.

कलम ५. हे कलम माझ्या मरणाआधी अमलात आणायचं आहे. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, मृत्युपत्र माणूस गेल्यावर चालतं!" म्हटलं, "मी एकदा जाऊन आलेय."

पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. ही बाई जिवंत आहे, असं इथल्या अधिकाऱ्याने शिक्का मारून द्यायचं आणि मी तो कागद तिकडे पाठवायचा. एका वर्षी तो टपालात गहाळ झाला आणि पेन्शन थांबली. धाकटी कचेरीच्या खिडकीवर जाऊन भांडली, "अहो, कालच बोलले तिच्याशी!" कारकून म्हणाला, "ताई, आवाजावर शिक्का कुठे मारू?" दुसरा दाखला पोचेपर्यंत मी कागदोपत्री मेलेली होते.

खरं सांगते, ते दिवस सुरेख गेले. बेकरीवाला पाव उधार द्यायचा. मी वाळूवरून चालायचे, आणि मेल्यावरही आपण इथेच आहोत याचं फार बरं वाटायचं. जीव तुटायचा तो एकाच गोष्टीसाठी. धाकटीला डोळे भरून बघायचं राहिलं होतं.

फोनवर हे सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून शिक्क्याच्या कागदावर सांगते. धाकटे, मला परत यायचं नाही. मला तू हवी आहेस.

परतीच्या तिकिटासाठी बाजूला ठेवलेली रक्कम आजपासून तिच्या इकडे येण्याच्या तिकिटाची आहे. या वर्षीचा दाखला तयार आहे, पण तो मी टपालात टाकणार नाही. तो टेबलावर राहील. तिने स्वतः येऊन मला बघावं, हवं तितकं राहावं आणि दाखला हातोहात त्या खिडकीवर नेऊन द्यावा. मुदतीत आली नाही, तर मी कागदोपत्री पुन्हा मेले असं समजून वरची चार कलमं खुशाल वाचायला घ्यावीत.

हा मजकूर मी वाचून, समजून घेऊन, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत केली. नक्कल आजच धाकटीकडे रवाना.

सही: धाकटीची ताई

साक्षीदार: १. कोपऱ्यावरचा बेकरीवाला (सही त्याची, दात माझे)
२. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई

ठिकाण: समुद्राकडची खिडकी, जिथे आता दोन खुर्च्या आहेत

तारीख: तीन ऑक्टोबर. दाखल्याची मुदत नोव्हेंबरअखेर. तुझी गादी उन्हात टाकली आहे.