सुनेचा टोप, सासूचं डोकं

ब्नेई ब्राक, इस्राएल, सोमवार
(लग्नाच्या मेजवान्या अजून चालू आहेत, घरात खुर्ची रिकामी नाही, म्हणून ओट्यापाशी उभ्याने लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस.)

सौ. झेल्डा हिस मोठ्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे परमेश्वराच्या कृपेने सगळे धडधाकट आहेत. तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं का, ते कळव. तुझ्या यजमानांचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, अँटवर्पच्या त्या ओल्या हवेत पहाटे प्रार्थनेला जाताना गळ्याला काहीतरी गुंडाळा, देव मफलर घातलेल्या माणसाचंही ऐकतो. लग्नाला तू नव्हतीस हे मला शेवटपर्यंत खुपलं. व्याह्यांच्या बाजूच्या बायका जेव्हा नाचायला उठल्या तेव्हा तर फारच खुपलं, कारण आपल्या बाजूला नाचता येणारी तू एकटी आणि तूच नेमकी जिन्यावरून पडलीस.

आता मुद्द्यावर येते. तुला बसल्या जागी कोणी काय कळवलंय ते मला ठाऊक आहे. ‘पेसियाने नव्या सुनेच्या डोक्यावर आपल्यासारखाच केसांचा टोप चढवला आणि पोरीला म्हातारी करून टाकलं,’ असंच ना? लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण सख्ख्या बहिणीने ऐकीव गोष्टीवर मान डोलवावी हे काही मला खपायचं नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. वाचून झाल्यावर तूच म्हणशील की चेहऱ्याला शोभेलसा टोप निवडण्यात अख्ख्या ब्नेई ब्राकमध्ये माझा हात धरणारी दुसरी बाई नाही. (नाही म्हणालीस तरी मला फरक पडत नाही.)

आपल्या नव्या सुनेची, ब्लूमाची, आई पोर चार वर्षांची असतानाच गेली, हे तुला माहीत आहेच. सोयरीक पक्की झाली तेव्हा तिचे वडील हैफाहून एकटेच आले, हॅट मांडीवर घेऊन कडेला बसले आणि बराच वेळ त्या हॅटशीच खेळत राहिले. मग म्हणाले, “पेसियाबाई, भांडीकुंडी, पडदे, चादरी, सगळं मी माझ्या बहिणींना विचारून घेईन. पण लग्न झालं की स्वतःचे केस झाकायला जो केसांचा टोप लागतो, तो मुलीने आईबरोबर जाऊन घ्यायचा असतो. तेवढं तुम्ही बघा.” मी म्हटलं, बघते म्हणजे काय, अशी बघते की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पोर टोप घालून बाहेर आली की लोकांनी वळून पाहिलं पाहिजे! (लोकांनी वळून पाहिलं हे मात्र खरं. कसं, ते पुढे येईल.) पण झेल्डा, तोंडाने फुशारकी मारली तरी मनात धाकधूक होती. बिनआईची पोर. तिला काही शोभलं नाही तर ती बोलायचीही नाही, मुकाट्याने घालून फिरेल आणि जन्मभर आरशाकडे पाठ करून बसेल.

मग आम्ही टोप बनवणाऱ्या ताउबाकडे गेलो. तीच ती तळघरातली, जी गिऱ्हाइकाला बसवल्याबरोबर साबणाच्या वडीने आरशावर तिच्या चेहऱ्याची कड काढते आणि मग त्या आकाराकडे बघून टोप सुचवते. ब्लूमाची कड निघाली ती नव्या वर्षाला भाजतात त्या पावासारखी गोल गरगरीत. मग त्या आगाऊ बाईने मलाही बसवलं. माझी कड निघाली ती काकडीसारखी. मी म्हटलं, साबण घसरला तुझा. ती म्हणाली, “साबण तीस वर्षांत कधी घसरला नाही.” मग लागली नियम सांगायला, गोल चेहऱ्याला अमुक, लांब चेहऱ्याला तमुक. मी तिला मधेच थांबवलं. नियम ज्यांना नजर नसते त्यांच्यासाठी असतात.

तरी तिने आधी आपलंच घोडं दामटलं. कुरळा टोप घातला तर पोर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दिसायला लागली. कपाळावर केसांची झालर आणि हनुवटीपर्यंत आखूड असा (म्हणजे तू गेली तीस वर्षं माझ्या गळ्यात मारू बघतेस तोच!) घातला तर चेहऱ्याचं अगदी बटण झालं. ब्लूमा दर वेळी आरशात बघून म्हणायची, “छान आहे, आई. तुम्हाला आवडला तर हाच घेऊ.” माझा जीव तीळतीळ तुटत होता. ही पोर कशालाच नाही म्हणत नाही, आता हिच्यासाठी नाही कोण म्हणणार? मीच म्हटलं, नाही, नाही, नाही! आणि मग मला एकदम सुचलं. माझा टोप! मधे भांग, दोन्ही बाजूंनी सरळ खाली सोडलेले केस, खांद्यापर्यंत, गडद तपकिरी. माझ्या लग्नापासून हाच घालतेय, एक झिजला की तस्साच दुसरा. मी ताउबाला म्हटलं, हुबेहूब असा बनव. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, मग ब्लूमाकडे पाहिलं आणि म्हणाली, “हिच्यासाठी म्हणताय ना? हो, मग बनवते.” (तेव्हा मला वाटलं, माझ्या नजरेपुढे बाईची बोलती बंद झाली.)

शेवटच्या मापाच्या दिवशी ब्लूमा तापाने फणफणली होती. ताउबाचं म्हणणं, माणूस नाही तर कापू कशावर? मी म्हटलं, डोकं पाहिजे ना, हे घे माझं. तिने नवा टोप माझ्या डोक्यावर घालून कात्री चालवली, आणि तुला सांगते, कापून झाल्यावर नवा कुठला नि जुना कुठला हे मलासुद्धा ओळखू येईना. मी तर अशी मिरवत घरी आले की बस!

आता पहिल्या मेजवानीचं ऐक. जागा आमच्याच घरी. एका टोकाला पुरुष, दुसऱ्या टोकाला बायका, मधे बटाट्याच्या भाजलेल्या कुगेल-वड्यांचे डोंगर. ब्लूमा टोप घालून आली, मला फार गोड वाटली, पण कामाच्या धबडग्यात तिच्याकडे नीट बघायला सवड कोणाला होती? आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती ती आली नाही. आपले पुरुष सज्जन. परक्या बाईकडे टक लावून बघायचे नाहीत, मान खाली घालून, डोळ्याच्या कोपऱ्यातून जेवढं दिसेल तेवढ्यावर ओळख पटवायची. म्हणजे अंगाचा झगा, पायातले जोडे, आणि टोपाची कड. झगे दोघींचेही निळे, जोडे दोघींचेही काळे. उरलं काय?

पहिले फसले ते आमचे हे, लीपा. स्वयंपाकघरात आले, जमिनीकडे बघत टोपाच्या कडेला म्हणाले, “पेसिया, व्याह्यांनी चौथ्यांदा भाषण सुरू केलंय. हा माणूस थांबत कसा नाही? माझा मासा थंड झाला, आता जीवही थंड होईल.” टोप शांतपणे म्हणाला, “बाबा, ते हैफाचा उल्लेख करतील, तिथून पुढे दोनच वाक्यं असतात. मी तुमचा मासा गरम करून देते.” लीपांनी मान वर केली आणि मग जी खाली घातली ती जेवण संपेपर्यंत वर आलीच नाही. एरवी ते कोणाचं ऐकत नाहीत, पण त्या पोरीने गरम केलेला मासा मात्र काटेसुद्धा न काढता खाल्ला.

दुसरा आपला झनविल, प्रत्यक्ष नवरदेव! मी कपाटाकडे तोंड करून ताटल्या मोजत होते. मागून येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, “दमलीस ना? तुझ्यासाठी मधाच्या केकचा तुकडा लपवून ठेवलाय. आणि तुला सांगू, आज तू इतकी सुंदर दिसतेस की मला प्रार्थनेचे शब्दच आठवेनात.” झेल्डा, मी या कार्ट्याला वाढवला, आजवर त्याने मला पाण्याचा पेला विचारला नव्हता! पण मन भरून आलं गं. म्हटलं, केक आण. आणि उभा राहताना पाठीचा बाक काढ. त्यानंतर कोणाचा तरी हातातला पेला पडल्याचा आवाज आला. केक मात्र मी खाल्ला. (बायकोशी इतकं गोड बोलणारा मुलगा माझ्या हाताखाली तयार झाला, हेही कुठेतरी नोंदवून ठेव.)

तेवढ्यात बायकांच्या टोकाला खसखस पिकली होती, आणि तिथून तुझ्याकडे बातमी गेली असणार. व्याह्यांना दिलेला शब्द, पोरीचं हसं, सगळं डोळ्यापुढे आलं. मी हात पुसत गेले, पोरीला आत नेऊन टोप उतरवून ठेवायला सांगायच्याच बेतात होते. पण आमची शेजारीण पेनिना ब्लूमाच्या हनुवटीला बोट लावून म्हणत होती, “अगं बाई, काय चेहरा उजळलाय! कसा रेखीव दिसतोय! पेसियाचाच ना हा टोप? हिच्यावर किती खुलून दिसतो!” सगळ्या हो हो म्हणाल्या. मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी एकदम मासा खायला घेतला.

मी नीट पाहिलं. खरंच सांगते, पोर दृष्ट लागण्यासारखी दिसत होती. ते सरळ केस दोन्ही गालांवरून उतरून चेहरा कसा लांबट, देखणा करत होते! तिच्या वडिलांनी टेबलाच्या त्या टोकावरून लेकीकडे बघितलं आणि पाचवं भाषण सुरू करायला उठलेला माणूस न बोलता खाली बसला. रुमाल काढला. आता बोल! केली का मी तिला म्हातारी? माझी छाती अशी फुगली की झग्याचा हूक तुटला. तेव्हा तुझ्याकडे बातमी घेऊन येणारीला म्हणावं, आधी स्वतःच्या डोक्यावरचं बघ.

मुलांना गोड पापा. यजमानांना नमस्कार.

तुझी ताई,
पेसिया

ता. क. — सहज आठवलं म्हणून लिहिते. तो कपाळावर झालर असलेला, हनुवटीपर्यंतचा टोप तुमच्याकडे चांगला मिळतो म्हणे. एक माझ्या मापाचा घेऊन ठेव आणि येणाऱ्या माणसाबरोबर पाठव. तुझं म्हणणं बरोबर होतं असं मुळीच नाही. अलीकडे माझ्या चेहऱ्याचा आकार जरा बदललाय, एवढंच. आणि गोलाला जे खुलतं तेच लांबाला मारतं, असं ताउबा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, मी तिला विचारलं नव्हतं. रंग थोडा फिका चालेल. ‘मी तुला आधीच सांगितलं होतं’ हे वाक्य पार्सलमध्ये घालायचं नाही.

ता. क. दुसरा — पाकीट डकवायचं राहिलं होतं ते बरंच झालं. टोप पाठवू नकोस. आत्ता ब्लूमा बेकरीतून पाव घेऊन आली, पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचेना. काउंटरवरची बाई नवीन आहे, ती हिला म्हणाली, “मघाशी येऊन गेल्या त्या पेसियाबाईंची लेक ना तू? अगदी आईसारखी दिसतेस.” मी म्हटलं, मग तू काय सांगितलंस? म्हणाली, “हो म्हटलं. आई, मला असं आजवर कोणी म्हटलंच नव्हतं.” आणि पिशवी तशीच हातात धरून रडायला लागली, आणि मी काय कोरडी राहणार होते? वरच्या ओळी फिसकटल्या आहेत त्या त्यामुळे. तेव्हा माझ्या डोक्यावर आहे तोच राहील, झिजला की तस्साच दुसरा. इतकी वर्षं शोभला नाही, पुढेही नाही शोभला म्हणून काय झालं.

या तीस वर्षांत माझ्यासाठी आधीच एखादा घेऊन ठेवला असशील, तर तो झालरीचा तूच घाल. तुझाही चेहरा काकडीच आहे, झेल्डा, आपण सख्ख्या बहिणी आहोत.